चीनमधल्या शीआनमध्ये शिकवायला जातोय. टेराकोटा सैनिक आणि शहराचा जुना तट एकाच रविवारी बघून होईल का?

हो, होईल, फक्त सकाळी लवकर सैनिक आणि उन्हं उतरल्यावर तट, असा क्रम ठेवा. तिथे शिकवत असताना पाहुण्यांना मी असंच फिरवायचे. सैनिक, म्हणजे भाजलेल्या मातीच्या पुतळ्यांची प्राचीन फौज, शहराच्या पूर्वेला 35-40 किमीवर आहेत: मेट्रोच्या 9 नंबर लाइनने हुआचिंगछी स्टेशन, पुढे बस. पुतळे उत्खननाच्या खड्ड्यांतच उभे आहेत; त्यातला सगळ्यात मोठा 1 नंबरचा खड्डा निवांत बघा. केसांच्या गाठीसुद्धा वेगवेगळ्या कोरल्यात. मिंग राजवटीच्या काळातला तट जवळपास 14 किमीचा. वर सायकल भाड्याने मिळते. विटांच्या फरसबंदीवर हाडं खिळखिळी होतात, पण मजा येते. मात्र तिकीट पासपोर्टवर मिळतं, त्यामुळे निवास परवान्यासाठी तो जमा केलेला असेल तर बेत पुढे ढकललेला बरा.