गावाकडे अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी घरी नर्स ठेवावी का? कशी?

तुम्ही लिहिलंय की वडील 76 वर्षांचे, लकव्यानंतर अंथरुणावरच आहेत, लघवीची नळी आहे, जेवण नाकातल्या नळीने. गाव तालुक्यापासून 20 किलोमीटर आत, आई एकटी बघते आणि तुम्ही पुण्याच्या ब्युरोतून 24 तासांची नर्स पाठवायच्या विचारात आहात. माझं ऐकाल तर तसं करू नका. गावात ती टिकत नाही. तिला वेगळी खोली नसते, रात्री दर दोन तासांनी उठावं लागतं, बोलायला ओळखीचं कोणी नसतं. ती सुट्टीवर गेली की बदली माणूस येईपर्यंत सगळं पुन्हा आईच्या अंगावर. शिवाय ब्युरो ‘नर्स’ म्हणून जिला पाठवतो ती बऱ्याचदा केअरटेकर असते, नळी बदलायचं शिक्षण झालेलं नसतं.

त्यापेक्षा कामाचे दोन भाग पाडा. अंघोळ, कूस बदलणं, नळीने जेवण देणं, डायपर हे रोजचं काम गावातल्याच मावशीकडे द्या, सकाळी तीन-चार तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास. उचलायला एक पुरुष माणूस लागतोच; भावकीतला एखादा पुतण्या ठराविक वेळेला येईल असं पक्कं करून घ्या, नाहीतर आईची कंबर जाते. नळ्या बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, बीपी-शुगर हे काम मात्र शिकलेल्या सिस्टरचं. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातली जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर) किंवा निवृत्त एएनएम (सरकारी उपकेंद्रातली नर्स) आठवड्यातून एक-दोनदा येऊन जाते. तिच्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का ते बघा, आणि पहिल्या दोन-तीन भेटींत तिने स्वतः न करता मावशीच्या हातून सगळं करून घ्यावं असं आधीच सांगा. नुसतं बघून हे काम येत नाही.

घरी सर्वांत जास्त बिघडतं ते पाठीला. माकडहाड, खुबे, टाचा या जागा रोज अंघोळीच्या वेळी उजेडात बघायच्या. लालसर किंवा काळपट डाग बोटाने दाबून सोडला आणि रंग फिका पडला नाही, तर बेडसोर (पडून राहिल्याने दाबाखाली होणारी जखम) सुरू झालाय असं समजा. सावळ्या कातडीवर रंग पटकन कळत नाही, तिथे हात लावून बघा: जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते. त्या डागावर कोणी तेल चोळतं, कोणी स्पिरिट लावतं, कोणी हवेची गोल रिंग ठेवतं. तिन्ही टाळा. चोळल्याने आतला मांसल भाग आणखी दुखावतो, स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि रिंगच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. कूस दर दोन तासांनी बदलायची, पण पूर्ण कुशीवर नाही. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलतं ठेवायचं म्हणजे भार खुब्यावर येत नाही. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. वर सरकवताना ओढायचं नाही. कंबरेखाली दुमडलेली चादर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं.

एअर बेड घ्या, पण तो आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका. लाइट गेली की पंप बंद पडतो आणि गादी हळूहळू बसते, मग माणूस सरळ फळीवर. पंपाला वीज फारच थोडी लागते, घरातल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर तो जोडून घ्या.

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. गावातली खाट बुटकी असते, म्हणून पायांखाली विटा द्या आणि पिशवी खाटेच्या कडेला अडकवा. गाडीतून नेताना लोक ती पोटावर ठेवतात; लघवी उलटी फिरते आणि ताप येतो. चार तास पिशवीत काहीच आलं नाही तर आधी नळी कुठे पिळली गेलीय का बघा. पोटाचा खालचा भाग टणक लागत असेल तर सकाळची वाट बघू नका. आत फुगा असतो, त्यामुळे नळी घरी ओढायची नाही. ती कधी बदलायची हे नळीच्या प्रकारावर ठरतं. घातल्याची तारीख पिशवीवर पेनाने लिहा.

नाकातल्या नळीने जेवण देताना डोकं-पाठ निदान 30 ते 45 अंश वर हवी, जेवणानंतरही पाऊण ते एक तास तशीच. नाकपुडीजवळ नळीवर खूण करून ठेवा. खूण सरकलेली दिसली तर जेवण द्यायचं नाही. एका वेळी साधारण 200 मिली, पातळ कापडाने गाळलेलं, 15-20 मिनिटांत, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर 30 मिली पाणी, नाहीतर नळी चोंदते. गोळ्या कुटण्याआधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात. ठसका लागला की लगेच थांबा. नळी निघून आली तर परत आत सारू नका, सिस्टरला बोलवा.

सरकारी यंत्रणेकडून काय मिळेल? सरकारी आरोग्य उपकेंद्र सपाट भागात 5000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3000 लोकसंख्येसाठी असतं. तिथल्या एएनएमचा वेळ लसीकरण आणि बाळंतिणींत जातो, रोज येण्याची अपेक्षा ठेवू नका. पण आशाताईंना सांगून वडिलांचं नाव अंथरुणावरच्या रुग्णांच्या यादीत घालून घ्या. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर बघतात आणि ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलणंही करून देऊ शकतात. 70 वर्षांवरच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड आत्ताच काढून ठेवा. त्यात वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण भरती झाल्यावरचे. घरच्या नर्सचा पगार त्यातून मिळत नाही, एजंट काहीही सांगोत.

डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, नळ्यांच्या तारखा आणि हे कार्ड एकाच फाइलमध्ये घालून खाटेजवळ लटकवा. थंडी वाजून ताप, श्वासाची घरघर, अचानक गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर आईने तुम्हाला फोन लावण्याआधी 108 ला (अँब्युलन्सला) लावायचा, हे तिला आजच सांगून ठेवा.