गार्ड वाकूदे, चेसिस वाचूदे

पावसाळा लागला की आपल्या सदराकडे लेग गार्डचे (मोटरसायकलच्या इंजिनापुढं दोन्हीकडं बसवतात तो लोखंडी पाइप) प्रश्न वाढतात, यावेळी तर निम्म्याहून जास्त प्रश्न त्याचेच आलेत. म्हणून हा अंक सगळा त्यालाच दिलाय.

प्रश्न : दादा, मी जांबोटीकडनं रोज उद्यमबागला कामाला जातोय, गाडी १२५ सीसी. गेल्या पावसात दोनदा घसरून पडलो, गियर लिव्हर वाकला, इंजिनच्या कव्हरला ओरखडे. दुकानदार म्हणतोय जाड पाइपचा भारी गार्ड घे, पायाला काय व्हायचं नाही. मित्र फॅब्रिकेशनमधे आहे, तो म्हणतोय चेसिसलाच (गाडीच्या सांगाड्याला) वेल्डिंग मारून देतो, जन्मात हलणार नाही. कुणाचं ऐकू? – एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : दोघांचंही ऐकू नका भाऊ.

पहिलं पायाचं बोलतो, कारण खरी काळजी तीच आहे. गाडी उभ्या उभ्या किंवा हळू वेगात आडवी झाली तर गार्डमुळे गाडी पूर्ण जमिनीला टेकत नाही, मधे जागा राहते, आणि पाऊल, घोटा, इंजिन कव्हर, लिव्हर हे सगळं बऱ्यापैकी वाचतंय. तुमच्या दोन्ही पडण्यात गार्डचा उपयोग झाला असता. पण समोरनं काहीतरी येऊन धडकलं, उसाच्या ट्रॉलीला मागनं आपटलो, तर गार्ड पाय वाचवेल हे कुणी सांगितलं तरी मानू नका. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, रिपोर्ट १९८१ सालचा, त्यात स्पष्ट लिहिलंय की क्रॅश बारमुळे (म्हणजे आपला लेग गार्डच) घोट्या-पावलाच्या जखमा कमी होतात खऱ्या, पण मांडी, गुडघा, नडगीच्या जखमा तेवढ्याच वाढतात, म्हणजे हिशोब बरोबरीत. रिपोर्ट जुना आहे, गाड्या बदलल्या, पण हाडं तीच आहेत. म्हणून गार्ड बसवला म्हणून चोर्ल्याच्या वळणांवर वेग वाढवायचा नाही, आणि पायात चप्पल घालून तर अजिबात नको, घोटा झाकणारा बूट घ्या.

आता जाड पाइपचं. गार्डचं काम आहे मार खाऊन स्वतः वाकणं. पाइप इतका कडक असला की वाकतच नाही, तर तो सगळा धक्का जिथं बसवलाय तिथं जातोय, म्हणजे चेसिसला आणि इंजिनच्या कानाला (इंजिनचा जो भाग बोल्टने चेसिसला धरलेला असतो तो). हे माझ्या स्वतःच्या गाडीवर झालंय. कणकुंबीच्या अलीकडे पावसात खडीवर घसरलो, वेग वीस-पंचवीस असेल, गार्ड रस्त्याकडेच्या दगडाला जाऊन बसला. गार्डला नुसता रंगाचा ओरखडा, आणि इंजिनचा अॅल्युमिनियमचा कान तडकलेला. तो गार्ड डावी-उजवी बाजू वेगळी असलेला होता, मधे जोड पट्टी नव्हती, प्रत्येक बाजू एकेका बोल्टवर लटकलेली, त्यामुळं सगळा पिळा त्या एका जागेवर आला. हजाराचा गार्ड वाकला असता तर चाललं असतं की, पण कानाचं काम काय पैशाला पडलं ते अजून आठवतंय.

म्हणून घेताना बघा : तुमच्याच मॉडेलचा असावा, कंपनीचा मिळाला तर उत्तम. डावी-उजवी बाजू आडव्या पट्टीने जोडलेली, आणि निदान तीन जागी, जमलं तर चार जागी धरलेला असावा. पाइप साध्या पोलादाचा, बाहेरून २२ ते २५ मिलिमीटर, एवढा तुमच्या गाडीला पुरे. चकचकीत क्रोम बघून भुलू नका, हलकं क्रोम खानापूरच्या पावसात दोन पावसाळ्यांत सुटतंय आणि आतनं गंज धरतंय, पावडर कोटिंग बरं. स्टेनलेस म्हणून विकत असतील तर खिशात छोटा लोहचुंबक ठेवा, ३०४ ग्रेडला तो जवळजवळ चिकटतच नाही, खटकन चिकटला तर बहुतेक साध्या लोखंडावर पॉलिश आहे.

वेल्डिंगला तर साफ नाही म्हणा. मित्राचा हात कितीही चांगला असूदे, चेसिसच्या पातळ पाइपला आच लागली की त्या सांध्याशेजारचा धातू बदलतो, तडा पुढं तिथंच जातोय, आणि तोही वर रंग असल्यामुळं दिसत नाही. चेसिसला नवीन भोक पाडणंही तसंच. गार्ड फक्त कंपनीने दिलेल्या भोकांवर.

बसवताना सगळ्यात जास्त चूक होते ती बोल्टमधे. गार्डची पट्टी पाच-सहा मिलिमीटर जाड असते, ती मधे आली की मूळ बोल्ट आखूड पडतो आणि नट कसाबसा चार आटे धरतो. मेस्त्री म्हणतोय बसला की, पण तो बसलेला नसतोय. तेवढ्याच जाडीचा पण लांब बोल्ट घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला असतोय तो मूळ बोल्टशी जुळवून घ्या, नट पूर्ण जाऊन पुढे दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. इंजिनचा बोल्ट काढायच्या आधी इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा टेका द्या, आणि एका वेळी एकच बोल्ट काढा. सगळे बोल्ट आधी हातानेच धरवा, मग पाना. भोक जुळत नसेल तर पहार घालून ओढून बसवायचं नाही, तसा ताणून बसवलेला गार्ड थरथरतोय आणि शेवटी नट सैल करतोय. किती आवळायचं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे असतंय, टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) असलेल्या गॅरेजमधेच जा, पाइप घालून लांब केलेल्या पान्याने जोर लावला तर आटेच जातात. काम झालं की नट आणि चेसिस दोन्हीवरनं पेंटची एक रेघ ओढा, दोन-तीनशे किलोमीटरनंतर बघा, रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.

घरी न्यायच्या आधी हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा, ब्रेक धरून पुढचा शॉकप दाबा, मडगार्ड आणि गार्डमधे दोन बोटं तरी जागा राहिली पाहिजे. ब्रेकवर पाय नेहमीसारखा जातोय ना तेही बघा. आणि एक गोष्ट जरूर करा, दोघांनी धरून गाडी हळूच गवताच्या पेंढ्यांवर आडवी करा (पेट्रोल कमी असताना, पेट्रोलचा कॉक असेल तर तो बंद करून), आधी काय टेकतंय ते डोळ्यांनी दिसेल. गार्ड टेकायच्या आधी इंजिन कव्हर टेकलं तर तो गार्ड परत करा.

प्रश्न : माझी फेअरिंगवाली (बाजूनं प्लास्टिकचं आवरण असलेली) स्पोर्ट्स बाइक आहे. गार्ड लावला तर लूक जातो, म्हणून स्लायडर लावू का? मित्रांबरोबर चोर्ला, आंबोलीला जाणं असतं. – कॉलेज विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : लाव, पण स्लायडर कशासाठी असतो ते समजून लाव. नायलॉनसारख्या कडक प्लास्टिकचा तो गोटा गुळगुळीत डांबरावर घसरत जाण्यासाठी केलेला आहे. घाटात रस्त्याच्या कडेला माती, चर, दगड. तिथं गोटा अडकला की गाडी उलटीपालटी होऊ शकते. शिवाय लांबडा स्लायडर एकाच बोल्टवर असला तर तो पहारीसारखा काम करतो, टोकाला मार आणि बुडाशी चेसिस वाकलेली. म्हणून फेअरिंगच्या थोडासाच बाहेर येणारा, पट्टीने दोन जागी धरलेला घे. फेअरिंग कापायला लागत नाही असेही काही गाड्यांना मिळतात, आधी ते शोध. आणि स्लायडर तुझा पाय अजिबात वाचवत नाही रे, त्यात तुझ्या पायासाठी काहीच नाही, तो फक्त फेअरिंग-इंजिनसाठी. पाठीमागं मित्र बसला तर त्याच्याही डोक्यावर आयएसआयचं हेल्मेट पाहिजे.

प्रश्न : आमच्या ह्यांनी गाडी भारी दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकलाय. मी मागं एका बाजूला पाय सोडून बसते, पदर सांभाळत. भीती वाटते, पण सांगितलं तर हसतात. – एक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, हसायचं काही नाही, तुमचीच भीती बरोबर आहे. ओढणी किंवा पदर चाकात गेला की एका क्षणात गुंडाळला जातो आणि माणूस खाली येतो, गळ्याला फास बसतो. मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम सांगतो, त्याच नियमात हाताला धरायचा दांडा आणि पाय ठेवायचा फुटरेस्टही आहे. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. काढलेला गार्ड घरात असेल तर अर्ध्या तासात बसतो. तोपर्यंत मागं बसूच नका. बसवल्यावरही पदर कमरेला घट्ट खोचून बसा, कारण गार्ड डाव्या बाजूलाच असतो आणि पदर वाऱ्याने उजवीकडंही जातोय.

प्रश्न : पडल्यावर गार्ड वाकला. तापवून सरळ करून परत लावला तर चालेल का? – चिकोडी

उत्तर : नको. एकदा वाकून सरळ केलेला पाइप पुढच्या वेळी त्याच जागी मोडतो, आणि मोडलेलं टोक पोटरीत शिरतं. नवीन घ्या. त्याआधी बोल्ट काढून सपाट काचेवर लोळवून बघा, डुगडुगला तर तोही वाकलाय. चेसिसच्या सांध्यांजवळ रंग उडालाय का, हँडल सोडलं की गाडी एका बाजूला ओढतेय का, हे जाणत्या मेस्त्रीकडनं बघून घ्या.

प्रश्न : गाडी केए २२ पासिंग, कोल्हापूरला गेलो की पोलीस गार्डवरून अडवतील का? बंदी आलीय म्हणतात. – हिंडलगा

उत्तर : बंदीची जी चर्चा तुम्ही ऐकलीय ती डिसेंबर २०१७ ची. केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने राज्यांना पत्र पाठवून कारवाई करायला सांगितली होती, आणि तो सगळा विषय चारचाकींच्या पुढच्या लोखंडी बुलबारमुळं निघाला, कारण पायी चालणाऱ्याला त्याचा जबर मार बसतो. आधार मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत मनाने बदल करायचा नाही. तुमच्या गाडीला कंपनीचा, चेसिसला हात न लावता बोल्टवर बसणारा गार्ड असेल तर बिल गाडीत ठेवा आणि निवांत जा. घरी बनवलेला, टोकं बाहेर आलेला असेल तर मात्र तो काढाच, पोलिसांसाठी नाही, शेजारनं जाणाऱ्या सायकलवाल्या पोराच्या पायासाठी.