पिक्सेल माळेचा करंट मोजताना

पाकिटावर पिक्सेलला (माळेतला एकेक रंगीत एलईडी दिवा) ०.३ वॅट लिहिलंय म्हणून ५०० पिक्सेलने गुणून पॉवर सप्लाय आणू नका. आधी एक माळ मोजा.

५ व्होल्ट, ५० पिक्सेल. मल्टीमीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर प्लसच्या वायरमध्ये सिरीजला जोडा, माळ पूर्ण पांढरी करा, ब्राइटनेस १०० टक्के. हिशेबाने (५० × ०.३ = १५ वॅट, भागिले ५ व्होल्ट) ३ अँपिअर यायला हवेत, मीटर बहुधा कमीच दाखवेल. खूश होऊ नका. लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत घालून (विसरलात तर सरळ शॉर्ट, मीटरचा फ्यूज गेलाच) शेवटच्या पिक्सेलवर व्होल्टेज बघा. ४च्या आसपास असेल तर माळ उपाशी आहे. निळा आधी मंदावतो, म्हणून शेपटाकडचा पांढरा पिवळट, तांबूस दिसतो. दुसऱ्या टोकालाही सप्लाय द्या आणि दोन टोकांच्या वायरी जिथे वेगळ्या होतात त्याच्या आधी, सप्लायच्या बाजूला, मीटर लावून पुन्हा मोजा.

क्लॅम्प मीटर घ्यायचा तर डीसी करंटवाला. नुसता एसीवाला इथे शून्यच दाखवतो. डब्ल्यूएलईडीतला (माळ चालवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) करंटचा आकडा अंदाजी असतो, मोजलेला नाही.

विझलेला पिक्सेलही साधारण १ मिलिअँपिअर खातो. गणपतीच्या मखरात १००० असतील तर काळोखातही १ अँपिअर चालू.

६० अँपिअरच्या सप्लायवर ४८च्या वर जाऊ नका. घरच्या मखराला ३० टक्के ब्राइटनेस भरपूर होतो, पण वायर आणि फ्यूज पूर्ण पांढऱ्याच्याच हिशेबाने निवडा. कंट्रोलरची सेटिंग कधी पुसली जाईल, सांगता येत नाही.