एन्सली डनबार कुठेच का टिकला नाही?

जर्नी या अमेरिकन रॉक बँडचा सुरुवातीचा ड्रमर आणि व्हाइटस्नेक या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८७च्या अल्बमवर वाजवणारा एन्सली डनबार एकच का, आणि तो कुठेच का टिकला नाही, असं तुम्ही विचारलंय. माणूस एकच. न टिकण्याचं माझ्या मते मुख्य कारण म्हणजे त्याचा भरगच्च हात, म्हणजे साध्या ठेक्यापेक्षा खूप जास्त वाजवणं.

जन्म १९४६चा, लिव्हरपूलचा. १९६६ मध्ये तो जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या ब्रिटिश ब्लूज बँडमध्ये आला. त्यांच्या 'अ हार्ड रोड' अल्बमवर सगळे पीटर ग्रीनची गिटार ऐकतात. एकदा फक्त ड्रम्स ऐकून बघा. साथीला बसवलेला तबलजी मधूनच सोलोवर निघावा, तसं होतं. मेयॉलला साधा ठेका हवा होता. डनबार गेला, पुढे त्या जागी मिक फ्लीटवुड आला. तयारीत डनबारच्या जवळपासही नाही, पण ब्लूजला तेवढं पुरतं.

त्याआधी गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या बँडसाठी डनबार आणि दुसरा ड्रमर मिच मिचेल यांच्यात चक्क नाणेफेक झाली आणि मिचेल जिंकला, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच.

मग त्याने स्वतःचा बँड काढला, रिटॅलिएशन. त्यांचं 'वॉर्निंग' हे गाणं ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडने १९७०च्या पहिल्या अल्बमवर घेतलं आणि आज लोक ते सॅबथचंच समजतात!

त्याला खरा मोकळा हात मिळाला फ्रँक झॅपाकडे. झॅपाचा 'द ग्रँड वझू' (१९७२) हा अल्बम म्हणजे ब्रासवाल्यांचा मोठा ताफा आणि त्याखाली डनबार. तिथे 'जरा कमी वाजव' म्हणायची वेळच येत नाही. पण त्याला साधं जमतच नव्हतं असं कुणी म्हणालं, तर १९७३चा डेव्हिड बोवीचा 'पिन अप्स' अल्बम ऐकवा. साठच्या दशकातली छोटी गाणी, आणि हा अगदी आटोपशीर.

जर्नीतही मेयॉलकडे झालं तेच झालं. १९७५चा पहिला अल्बम लांबलचक वाद्यवादनाचा. मग गायक स्टीव्ह पेरी आला, 'इन्फिनिटी' (१९७८) गाण्यांचा झाला, आणि त्यानंतर डनबार बाहेर. गंमत म्हणजे त्याच्या जागी आलेला स्टीव्ह स्मिथही मुळात जॅझवालाच. पुढे डनबारने जेफरसन स्टारशिप या रॉक बँडमध्ये काही वर्षं काढली.

व्हाइटस्नेकबद्दल तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. त्या अल्बमवरचं 'स्टिल ऑफ द नाइट' वाजवलंय डनबारने, पण व्हिडिओत ड्रम्सवर दिसतो टॉमी अल्ड्रिज. रेकॉर्डिंगनंतर व्हाइटस्नेकचा गायक डेव्हिड कव्हरडेलने बँडच बदलला होता.

ऐकायला सुरुवात करायची तर जर्नीच्या 'ऑफ अ लाइफटाइम'पासून करा. हेडफोन लावून.