आरी मोच्याची की सुताराची?

प्रश्न असा आला आहे : "आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. चपलेचा अंगठा उसवला तेव्हा आजी म्हणाली, 'मोच्याकडे जा, आरीने दोन टाके घालून देईल.' इथे तर आरी म्हणजे सुताराची लाकूड कापायची. आजी शब्द चुकतेय का?"

आजी मुळीच चुकत नाही. मराठीत आरी ही आधी मोच्याचीच. लाकडी मुठीत बसवलेली, टोकाशी बारीक खाच असलेली ती जाड सुई. मोची ती वरून तळव्यात खुपसतो, खालच्या हाताने मेण लावलेला दोरा त्या खाचेत अडकवतो आणि आरी वर ओढतो. दोऱ्याचा फास वर आला की त्यातून दुसरं टोक ओवून दोन्हीकडून करकचून ताणतो. एक टाका झाला. पुढच्या वेळी घाई न करता पाच मिनिटं थांबून बघाच, फार देखणं काम असतं ते.

शब्द तर केवढा जुना! ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात (६.५३) पूषन् देवाच्या हातात 'आरा' आहे. 'परि तृन्धि पणीनामारया हृदया कवे', म्हणजे त्या कंजूष पणींची काळजं तुझ्या आरेने टोच. पुढे अमरकोशात तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीतच आहे : 'क्रकचोऽस्त्री करपत्रमारा चर्मप्रभेदिका'. करपत्र म्हणजे आपली करवत. आणि तिच्या शेजारी, चामडं भेदणारी ती आरा. दोन हत्यारं, दोन नावं. मराठीने दोन्ही वेगळी सांभाळली, करवत सुताराकडे आणि आरी मोच्याकडे. बैल हाकायच्या पराणीच्या टोकाला जो अणकुचीदार खिळा असतो, ती 'आर'ही याच घरातली.

घोळ होतो तो हिंदीमुळे. हिंदीत करवतीला आरा, लहान असली तर आरी म्हणतात. फारसीत करवतीला 'अर्रा' म्हणतात. हिंदी आरा तिकडूनच आला असावा, असं मला वाटतं. मोच्याच्या आरीलाही हिंदीत आरीच म्हणतात, पण इंदुरात आपल्या कानावर सुताराचीच जास्त पडते. म्हणून घरातला शब्द परका वाटू लागतो.

आणखी एक. लग्नाच्या ब्लाउजवर हल्ली जे 'आरी वर्क' करून घेतात, त्यातली आरी कुठली? तीही मोच्याचीच! कच्छमधले मोची चामड्यावर ज्या आकडीदार आरीने भरतकाम करत, तीच बारीक होऊन रेशमावर आली. त्या कामाला तिकडे 'मोची भरत' असंच नाव आहे. हे आजीला जरूर सांगा.