ती २०० मिलिसेकंदांची ओळ

सातपूर, नाशिक

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ प्रोग्राममध्ये, काट्याच्या चिपशी बोलणारा जो ड्रायव्हर आहे, त्यात बदल करणारा तुझा पॅच पाहिला. कोडची मांडणी तपासणाऱ्या चेकपॅचची एकही कुरकुर नाही, टॅब जागच्या जागी, सही केलेली. तरी मी तो घेत नाहीये. नुसतं 'नको' म्हणून पाठवलं असतं तर तू चार दिवस फुगून बसली असतीस, म्हणून हे पत्र.

यंत्र जोडलं की आधी चालणाऱ्या प्रोब फंक्शनमधली २०० मिलिसेकंद थांबणारी ओळ तू काढलीस. तिथे कॉमेंट नाही, कारण दिसत नाही, आणि ती नसतानाही तुझ्या टेबलावर सगळं सुरळीत चालतं. अगं, मीही ती ओळ एकदा नेमकी याच कारणांनी काढली होती.

पुढे द्राक्षांच्या ऐन हंगामात पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमधून फोन आला. पाच किलोच्या पेट्या भरायच्या, काट्यावर ठेवायच्या, वजन लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरात जायचं आणि लेबल छापलं जायचं. काट्याच्या इंडिकेटरमध्येच (आकडे दाखवणाऱ्या डब्यात) यूएसबी-सिरीयल चिप, तिचा हाच ड्रायव्हर सांभाळायला माझ्याकडे. कर्नल अपडेट झाल्यापासून मधूनच वजनाऐवजी कचरा यायला लागला. "साहेब, काट्याच्या अंगात येतं," असं तिथला पोरगा म्हणाला. मी तसाच काटा टेबलावर लावला, तासभर वजनं घेतली, एक आकडा चुकला नाही. मग काय, वायर खराब असेल, अर्थिंग नसेल, असं दोन दिवस त्यालाच ऐकवत बसलो. त्याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी गाडी काढून गेलो. दुपारपर्यंत सगळं ठीक. मग लाइट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, तो चालूच राहिला. काटा साध्या बोर्डावर, तो बंद पडला. लाइट आली आणि पडद्यावर कचरा! चिपला वीज मिळाली की ती लगेच 'मी आले' म्हणून सांगते, पण इंडिकेटरचा प्रोसेसर अजून डोळे चोळत असतो. तेवढ्यात ड्रायव्हर बॉड रेट (बोलण्याचा वेग) लावायला सांगतो. चिप 'हो' म्हणते आणि ते आत पोचतच नाही. मग एक टोक एका वेगाने बोलतंय, दुसरं वेगळ्या वेगाने ऐकतंय. माझ्या टेबलावर काटा आधीपासून चालू असायचा आणि वायर मी नंतर जोडायचो. तूही तसंच केलं असणार.

तोवर 'यूएसबीच्या गाभ्यात कुणीतरी काहीतरी बिघडवलंय' हे माझं मत पक्कं झालेलं होतं. बायसेक्ट लावलं: संशयित बदल दर फेरीला निम्मे करत दोषी बदल गाठायचा. एका रिलीजमध्ये साधारण दहा ते पंधरा हजार कमिट (नोंदवलेले बदल) असतात, म्हणजे चौदाएक फेऱ्या, प्रत्येक फेरीला कर्नल बांधा, बूट करा, काट्याचा प्लग उपटा, लावा. शेवटी बोट ठेवलं गेलं ते माझ्याच कमिटवर. चोर घरातच होता. (एकाच ड्रायव्हरवर संशय असेल तर त्या डिरेक्टरीपुरतंच बायसेक्ट करता येतं, फेऱ्या खूप कमी होतात. मला तेव्हा सुचलं नाही, कारण संशय दुसऱ्यांवर होता.)

रिग्रेशन (आधी चालत होतं ते नव्या बदलाने बिघडणं) सापडलं की आधी बदल मागे घ्यायचा, शहाणपण नंतर. मी तेच केलं, कुठल्या कमिटची चूक सुधारली ते सांगणारा फिक्सेसचा टॅग लावला, आधीच्या रिलीजच्या स्टेबल शाखांनाही पाठवलं. पण कारण लिहिलं ते कमिटच्या संदेशात; कोडमध्ये त्या ओळीशेजारी काही लिहिलं नाही. त्यामुळे तुझ्या पॅचमधली निम्मी चूक माझी आहे. उरलेली निम्मी अशी की ओळ कुणी, कुठल्या कमिटमध्ये आणली ते दाखवणारं गिट ब्लेम तू केलं नाहीस. विचित्र ओळ दिसली की तिचं गोत्र आधी विचारायचं. एवढा एक नियम पाळलास तरी पुष्कळ.

आता तू म्हणशील, मग काहीच साफ करायचं नाही का? कर. पण ज्या ड्रायव्हरचं यंत्र हाताशी नाही, तिथे वागणूक बदलणारा बदल नको. कर्नलच्या कोडचा निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचाच आहे, आणि त्यातली कितीतरी यंत्रं कुठल्यातरी गोदामात, दवाखान्यात धूळ खात का होईना, काम करतायत. त्यांचे मालक आपल्याला कधी पत्र लिहीत नाहीत. बिघडलं तर जुनं कर्नल लावून गप्प बसतात.

आणि तपासायचं तर नीट छळून तपास. वजन वाचणं चालू असताना वायर उपट, केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू ठेवून. बहुतेक ड्रायव्हर तिथेच मरतात: डिस्कनेक्टमध्ये मेमरी सोडून दिलेली आणि मागून एखादा यूआरबी (यूएसबीवरून डेटा मागणारी विनंती) तिलाच हात लावायला येतो. लॅपटॉप झोपव, उठव. यंत्राने पाठवलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नकोस. 'मी चौसष्ट बाइट पाठवतोय' म्हणणारं यंत्र आठच पाठवू शकतं, आणि यूएसबीच्या भोकात काय खुपसलं जाईल ते आपल्या हातात नसतं.

वेळापत्रक तुला माहीत आहेच: मर्ज विंडो (नवे बदल आत घेण्याचा काळ) दोन आठवडे, मग दर रविवारी एक आरसी (चाचणीची आवृत्ती), सातव्या-आठव्या आरसीनंतर रिलीज. मर्ज विंडोच्या तोंडावर नवा पॅच आणून टाकू नकोस, मीही घाईत असतो आणि घाईत मी तिरसट होतो.

मागे तू विचारलंस की कुठला कोड कोण सांभाळतं ते लिहिलेल्या मेंटेनर्स फाइलमध्ये तुझं नाव कधी येणार. घालतो की, पण त्याचा अर्थ समजून घे. सहा महिने कुणी विचारणार नाही, मग नेमकं परीक्षेच्या आठवड्यात कुणीतरी ब्राझीलहून पॅच पाठवेल. 'पुढच्या आठवड्यात बघते' एवढं तरी त्याच दिवशी कळवायचं. गप्प बसणाऱ्या मेंटेनरपेक्षा नाही म्हणणारा परवडतो. आणि पुढे नोकरी, घर यात वेळ उरला नाही तर त्या फाइलमध्ये 'ऑड फिक्सेस' (अधूनमधून दुरुस्ती) नावाचा दर्जा असतो, अगदीच सोडायचं तर 'ऑर्फन' (वाली नसलेला). तो लावण्यात कमीपणा नाही. नाव ठेवून गायब होण्यात आहे.

तुझा पॅच असा बदलून पाठव: ओळ राहू दे, तिच्यावर तीन ओळींची कॉमेंट लिही, लाइट आणि यूपीएसची गोष्ट थोडक्यात. लेखक म्हणून तुझंच नाव राहील.

शनिवारी दुपारी ये, तो पिंपळगावसारखा काटा घेऊन जा. त्याच्या अडॅप्टरची पिन ढिली आहे, जरा धक्का लागला की बंद पडतो. दुरुस्त करू नकोस, तसाच हवा आहे.

तुझा,
काका