भट्टीतला स्लॅग आणि पोलादातले ठिपके

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान फाउंड्रीत मी इंडक्शन भट्टी सांभाळतो. भंगार वितळवून, लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) ॲल्युमिनियम टाकून आम्ही पोलादी कास्टिंग ओततो. मशिनिंगनंतर पृष्ठभागावर बारीक ठिपके दिसतात. चुन्याने पोलाद स्वच्छ होते असे ऐकून भट्टीत चुनकळी टाकली. ठिपके राहिलेच, वर अस्तर लवकर झिजले. आमचे काय चुकले?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : चुना टाकण्याची जागा चुकली. (वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या अशुद्धींच्या थराला ‘मळी’ म्हटले की आपल्याकडे आधी साखर कारखाना आठवतो, म्हणून येथे स्लॅगच म्हणू.) आपल्या भट्टीचे अस्तर बहुधा सिलिका रॅमिंग मासचे, म्हणजे ठोकून बसवलेल्या सिलिकेच्या भुकटीचे असावे. सिलिका आम्लधर्मी आणि चुना अल्कधर्मी, त्यामुळे चुन्याने पहिला घास अस्तराचाच घेतला. शिवाय इंडक्शन भट्टीत उष्णता धातूत निर्माण होते आणि वरचा स्लॅग धातूच्या उबेवरच तापतो, म्हणून तो थंड व चिकट राहतो. अशा भट्टीत चुन्याने गंधक-फॉस्फरस काढण्याच्या खटपटीपेक्षा भंगार निवडून घेणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

ठिपक्यांचे कारण मात्र बहुधा वेगळे आहे. गंजक्या भंगारामुळे स्लॅगमध्ये लोहाचा ऑक्साइड साचतो. लॅडलमधले ॲल्युमिनियम पोलादातला ऑक्सिजन पकडून ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण बनवते व त्यांतले बरेचसे वर तरंगतात; पण भट्टीतला काळा स्लॅग ओततानाच लॅडलमध्ये उतरला असेल, तर त्यातला लोहाचा ऑक्साइड पोलादात उरलेल्या ॲल्युमिनियमशी पुन्हा क्रिया करतो आणि नवे कण तयार होतच राहतात. तेच पुढे ठिपके म्हणून दिसतात.

मोठ्या कारखान्यांत म्हणूनच भट्टीचा स्लॅग अडवून, मॅग्नेशियाचे (चुन्यासारख्याच अल्कधर्मी मॅग्नेशियम ऑक्साइडचे) अस्तर असलेल्या लॅडलमध्ये नवा स्लॅग रचतात. शुद्ध चुना वितळायला सुमारे 2600 अंश सेल्सिअस लागतात, पण ॲल्युमिना योग्य प्रमाणात मिसळली की तेच मिश्रण 1400 अंशांच्या आसपास पातळ होते आणि ॲल्युमिनाचे कण सामावून घेते. त्यात लोह व मँगनीज यांचे ऑक्साइड मिळून एक-दोन टक्क्यांच्या आत ठेवतात. अस्तर खाल्ले जाऊ नये म्हणून थोडी मॅग्नेशियाही आधीच घालतात.

हा स्लॅग सळईच्या टोकाला घेऊन थंड केला, तर काळा व काचेसारखा दिसल्यास ऑक्साइड जास्त आहे असे समजावे. चुना भरपूर व ऑक्साइड कमी असलेला स्लॅग पांढुरका दिसतो आणि पुष्कळदा निवताना आपोआप भुकटी होतो, कारण त्यातले डायकॅल्शियम सिलिकेट (चुना व सिलिका यांचे संयुग) फुगते.

आपण तूर्त चुना बंद करावा, गंजके भंगार बाजूला काढावे आणि ओतण्यापूर्वी पर्लाइटची (एका ज्वालामुखी खडकाची) स्लॅग गोळा करणारी पूड पसरून स्लॅग पुरता ओढून घ्यावा. पुढे मॅग्नेशिया अस्तराचे लॅडल घेतलेच, तर पावसाळ्यात उघड्या गोणीतल्या चुनकळीची ओल शोषून फक्की झालेली असते, ती वापरू नये. तिच्यातल्या पाण्यातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कास्टिंगला छिद्रे पडतात.